टपालाचं विमान आणि मामंजींचा रविवार

म्युनिकजवळ जुनी विमानं बघायला कुठे जावं, असं या ब्लॉगवर एका मुलीनं विचारलंय. बाई गं, विचारलंस कुणाला! मी आयुष्यात एकच जुनं विमान बघायला गेले, तेही एकोणीसशे चौसष्ट साली, सासऱ्यांना घेऊन. ते विमान आता तिथे नाही. सासरेही नाहीत. वाट मात्र बरीचशी तीच आहे, तेव्हा सांगते.

तेव्हा आम्ही लुडविग्सहाफेनला राहत होतो. आमचे हे तिथे केमिकल कारखान्यात. मी नवी नवरी, भाषा येत नाही, थंडी सोसत नाही आणि दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांनासुद्धा कारखान्याचा वास. त्या उन्हाळ्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, मुलाचा संसार बघायला आले. बोटीनं जिनोआपर्यंत आणि पुढे रेल्वेनं. नोकरीभर ते रेल्वेच्या टपाल डब्यात सॉर्टर होते. धावत्या गाडीत उभं राहून पत्रं लावायची, गावोगावच्या बॅगा सील करायच्या आणि त्या त्या स्टेशनावर उतरवायच्या. "माझ्या हातून एकही डाक चुकली नाही," हे वाक्य आमच्या घरात रोज एकदा व्हायचंच. हवाई टपालाची निळी चिठ्ठी लावलेली पाकिटं ते वेगळी काढून पुढे पाठवायचे. स्वतः मात्र कधी विमानात बसले नव्हते.

जायचं ठरलं ते जेवणाच्या ताटावर. ह्यांचे मित्र विनायक भावजी गार्चिंगच्या अणुभट्टीवर संशोधन करायला नुकतेच आले होते. एका रविवारी आमच्याकडे पुऱ्या हाणता हाणता म्हणाले, "काका, आमच्या गावापलीकडे गवताचं मैदान आहे. तिथे एका अमेरिकन कॅप्टनचं जुनं विमान असतं. एकावर एक पंखांच्या दोन जोड्या. आणि मूळचं टपालाचं बरं का!"

मामंजींचा घास हातातच राहिला. "टपालाचं? विमान? बघायलाच हवं."

"लवकर बघा. कॅप्टनची अमेरिकेला बदली झालीय. पेटीत घालून नेणार म्हणतात."

मामंजींची परतीची बोटही जवळच आली होती. ह्यांना शिफ्ट होती, म्हणाले, "बाबांना तूच ने." निघालो.

शनिवारी सकाळी मॅनहाइमहून गाडी धरली. त्या काळी शनिवार-रविवारचं परतीचं तिकीट स्वस्तात मिळायचं, ते काढलं. हायडेलबर्ग, स्टुटगार्ट, उल्म करत म्युनिक. खिडकी उजवीकडची घ्या की डावीकडची, असले वाद मी घालत नाही. दोन्हीकडे सारखीच शेतं आहेत. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं होतं. म्युनिक स्टेशनावर मामंजींना ब्रेट्झेल घेऊन दिलं, तर त्यांनी वरचे मिठाचे खडे एकेक खुडून काढले आणि मग म्हणाले, "चांगली आहे हो यांची कडबोळी."

गाडीत त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "सूनबाई, बसू देतात का गं कुणाला त्यात?"

"विचारू ना आपण."

"छे छे, नको. म्हणतील, म्हाताऱ्याला काय डोहाळे लागलेत!"

असं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी मनात ठरवलं, विचारायचंच.

आता गार्चिंगला म्युनिकहून यू-बान, म्हणजे भुयारी रेल्वे, जाते, तुम्ही पुस्तक उघडून मिटेपर्यंत पोचता. तेव्हा बस होती आणि ती आपल्या मर्जीनं यायची. गार्चिंग म्हणजे चर्च, गोठे, बटाट्याची शेतं आणि मधेच अंड्याच्या आकाराची ती अणुभट्टी. लोक तिला अंडंच म्हणायचे. मामंजी म्हणाले, "जन्मभर अंड्याला शिवलो नाही, आणि आता मुद्दाम बघायला आलो!" भावजींची खोली एका शेतकऱ्याच्या घरात वरच्या मजल्यावर होती. मालकीणबाईंनी मामंजींसाठी बटाट्याचं सॅलड केलं, आणि त्यात हौसेनं डुकराच्या मांसाचे तुकडे घातले. ते मी खाल्लं. तुमच्याबरोबर शाकाहारी म्हातारी माणसं असतील तर हे आधीच स्पष्ट सांगा.

दुपारी मैदानावर गेलो. विमान शेडच्या बाहेरच उभं होतं. निळं, पंख पिवळे, नाक वर करून, शेपूट गवतात टेकवून. एक टक्कल पडलेला मेकॅनिक, ओट्टो, इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मामंजींनी विमानाभोवती एक प्रदक्षिणा घातली. अहो, खरंच, चपला काढून! ओट्टोनं हात पुसले आणि तो हसला, आणि मग जर्मनमध्ये इंग्रजी मिसळून जे बोलत सुटला ते भावजींनी भाषांतर करून सांगितलं. भावजींना जर्मनीत येऊन जेमतेम काही महिने झाले होते, ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं, पण दर वाक्याला "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायची सवय तेवढी पक्की झाली होती.

हे विमान अमेरिकेत बांधलं ते पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या हवाई टपालाच्या धामधुमीत. वैमानिक मागे, उघड्यावर. पुढे पत्र्याचं झाकण असलेला एक खड्डा, त्यात फक्त टपालाच्या बॅगा. अंधारात जमिनीवर दिवे लावलेले असायचे, ते बघत बघत उडायचं. धुकं आलं की दिवे गेले. किती वैमानिक असे गेले, ओट्टो म्हणाला, पण बॅगा शोधून काढून पत्रं पोचवायचे. मामंजींनी यावर गंभीरपणे मान हलवली. पुढे टपालाला मोठी विमानं आली, आणि हे विमान एका तेल कंपनीनं घेतलं. टपालाच्या खड्ड्यात दोघांपुरतं चामड्याचं बाक बसवलं, समोर काच, बाजूला इवलंसं दार, आणि कंपनीचे साहेब लोक त्यात बसून या शहरातून त्या शहरात जाऊ लागले. मग साहेबही बंद विमानांत गेले. बाक उचकटून तिथे टाकी आली आणि बिचारं कापसावर औषधाची भुकटी मारत फिरू लागलं. शेवटी एका गोठ्यामागे मोडून पडलं. कॅप्टननं ते भंगार विकत घेतलं, जर्मनीत पोस्टिंग झालं तेव्हा पेट्यांत भरून बरोबर आणलं, आणि या ओट्टोनं त्याला पुन्हा उभं केलं. चामड्याचं बाकही त्यानंच नवं शिवलं. युद्धानंतर बरीच वर्षं जर्मनांना विमान उडवायला बंदीच होती, तोवर हा बाबा सायकली दुरुस्त करत होता.

"म्हणजे आधी टपाल, मग साहेब, मग शेती," मामंजी म्हणाले. "नोकरी, बढती, पेन्शन. सरळ आमच्यासारखाच माणूस आहे हा!"

भावजींनी हे कॅप्टनला इंग्रजीत सांगितलं. तो नुकताच जीपमधून आला होता, उंच, घाईत. मामंजी टपालखात्यातले म्हटल्यावर त्यानं टाचा जुळवून सलाम ठोकला. मी भावजींना कोपर मारलं आणि त्यांनी विचारून टाकलं. कॅप्टन म्हणाला, "हे प्रवासी नाहीतच, हे टपाल आहे. टपालाला नाही म्हणायचा मला अधिकार नाही. उद्या शेवटची चक्कर मारणार आहे, यांना घेऊन. वेळ ओट्टो सांगेल." आणि जीप गेली.

ओट्टोनं इंजिनाकडे बघून हिशेब केला. "मॉर्गेन. हाल्ब द्राय."

"गेनाऊ!" भावजी म्हणाले. "उद्या. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. साडेतीन."

रविवारी मामंजी सकाळीच कोट घालून, मफलर गुंडाळून तयार. ऑगस्ट महिना, मफलर! पेपर धरून बसायचे, आणि पेपरवरून आमच्याकडे बघायचे. जेवणं झाल्यावर म्हणाले, "चला, जाऊन बसू तिथेच. डाकेच्या आधी आपण असावं, हा नियम आहे."

"काका, ही जर्मनी आहे," भावजी म्हणाले. "इथे वेळेवर जायचं. आधी गेलं तरी लोकांना अवघडल्यासारखं होतं."

"बरं बाबा." आणि कोटासकट खुर्चीत बसून राहिले. मी चहा टाकला. त्यांनी माझ्यासाठी म्हणून घेतला.

बटाट्याच्या शेतांमधून आम्ही रमतगमत गेलो. मैदान दिसलं तेव्हा भावजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बघा, वेळेआधीच!" विमान तिथेच होतं. फक्त नाक वेगळं दिसत होतं. जवळ गेल्यावर कळलं, नाकावरचा पंखा काढून घोंगडीवर ठेवला होता. ओट्टो एका डब्यात पेट्रोल काढत होता. आम्हाला बघून त्यानं दोन्ही हात पसरले.

"हाल्ब द्राय!" तो म्हणाला. "हाल्ब द्राय!" आणि मनगटावर बोट ठेवून दाखवलं. दोन आणि तीनच्या मध्ये. अडीच.

भावजींचा चेहरा असा पांढरा पडला की मला त्यांचीच भीती वाटली.

कॅप्टन शेडमधून आला. म्हणाला, वाट बघितली, इंजिन चालू ठेवून वाट बघितली, मग एकटाच चक्कर मारून आलो. त्याला संध्याकाळी छावणीत हजर व्हायचं होतं, आणि पहाटे पेट्या न्यायला ट्रक येणार होता. पुढच्या बाकावर पट्टा बांधून एक वाळूची गोणी बसवलेली होती. वजनाला. मामंजी वाकून त्या गोणीकडे बघत राहिले.

"माझ्या जागी ही गेली का?" त्यांनी विचारलं.

भावजींनी मान डोलावली.

"बरोबर आहे. बॅग गेली, सॉर्टर राहिला. सूनबाई, पहिली डाक चुकली गं माझी."

भावजी कॅप्टनच्या विनवण्या करायला लागले. ओट्टोनं पंख्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि म्हणाला की बसवतो पुन्हा, तासाभराचं काम आहे. कॅप्टन घड्याळ बघत उभा राहिला. नाही म्हणाला नाही. मामंजींनी विचारलं, "काय म्हणतायत हे?" भावजींनी सांगितलं.

"नको. एकदा सील केलेली बॅग उघडायची नसते. सांग त्यांना."

भावजींनी सांगितलं. आणि तिथेच संपलं. मला आजही वाटतं, आपण हट्ट करायला हवा होता. मामंजी घरी दुसऱ्यांदा भात कधी मागत नसत, आपणच वाढायचा असे. हे सून म्हणून मला माहीत होतं. पण त्या परक्या मैदानावर, त्या गणवेशातल्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

ओट्टोनं गोणी उचलून खाली ठेवली, बाक झटकलं आणि ते इवलं दार उघडलं. मामंजींना हात देऊन आत बसवलं, पट्टा लावला, दार बंद केलं. नीट, जसं उडायचंच आहे तसं. मामंजींनी मफलर घट्ट केला. समोर काच, आणि काचेपलीकडे पंख्याविना ते उघडं नाक. पेट्रोलचा वास येत होता, आणि खाली कुठेतरी जुन्या औषधाचा.

बराच वेळ ते बसले. मग माझ्याकडे बघून हसले. "टपालाच्या डब्यात इतकी वर्षं काढली. पण डबा हलत नाहीये, असं आज पहिल्यांदाच."

परतीच्या प्रवासाचं काय लिहू! स्टुटगार्टला गाडी बदलली नाही, एवढं आठवतं. घरी ह्यांनी विचारलं, "काय बाबा, कसं होतं विमान?" तर मामंजी म्हणाले, "उत्तम! आत बसलो होतो मी." खोटं काहीच नव्हतं त्यात. ह्यांना खरं मीच सांगितलं, नंतर, बोट सुटल्यावर. पुढच्या वर्षी मामंजी गेले. आम्ही विमानानं जाऊ शकलो नाही, तेवढी ऐपत नव्हती. पत्रानं कळलं. पाकिटावर निळी चिठ्ठी होती.

आता मी हायडेलबर्गला लेकीकडे असते. मागच्या महिन्यात नातीला मराठी आकडे शिकवत होते. पोरीला सगळं कळतं, पण उत्तर देते जर्मनमध्ये. साडेतीन, साडेचार जमलं. मग तिनं विचारलं, साडेदोन का नाही, अडीच का? मॅट्रिकला माझं संस्कृत होतं. ऐटीत म्हटलं, "अर्धतृतीय! दोन पूर्ण, आणि तिसरा अर्धा. अर्धा तिसरा म्हणजे अडीच."

"आख झो," ती म्हणाली, म्हणजे अस्सं होय. "हाल्ब द्राय."

हातातला चष्मा खाली ठेवला मी. म्हणजे शब्द आपल्याच तोंडात होता की! मामंजींच्या, माझ्या, भावजींच्या. तिघेही लहानपणापासून अडीचकीचा पाढा म्हणत आलो होतो.

विनायक भावजींना फोन केला. ते अजून गार्चिंगलाच असतात, आता काठी घेऊन चालतात. मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

"वहिनी, माझ्या ते पुढच्याच वर्षी लक्षात आलं होतं," ते म्हणाले. "काका गेल्याचं कळलं, त्याच सुमाराला. मी तेव्हापासून अडीच हा शब्दच वापरत नाही. तुमच्या लक्षात आलं नाही कधी? मी नेहमी दोन तीस म्हणतो."

खरंच म्हणतात. इतकी वर्षं मला वाटायचं, जर्मनीत राहून माणसाची मराठी बिघडली.

तर मुली, तू विचारलं होतंस. म्युनिकहून यू-बाननं गार्चिंगला जा. पुढे शेतांमधून सायकल उत्तम. जुनी विमानं दिसतील, विचारलंस तर कुणी आत बसूही देईल. इथे हाल्ब द्राय म्हणजे अडीच. आणि बरोबरचं म्हातारं माणूस कोट घालून म्हणालं, "चला, आधी जाऊन बसू," तर चहा टाकू नकोस. जाऊन बस.