आप्पांच्या हातांचा वास

नातसुनेनं आणलेल्या करंजाच्या साबणाचा वास आला आणि मी थेट निपाणीजवळच्या आमच्या लहानपणीच्या परसात पोचले.

विलायती साबण बंद करून थोरल्या आक्कानं स्वावलंबनाच्या पुस्तकात वाचून करंजाचं तेल न् राखेचं पाणी शिजवलं होतं. साबण लापशीसारखा झाला, पण फेस आला! आम्ही दोघी नाचलोच.

तंबाखू खुडून आलेल्या आमच्या वडिलांनी, आप्पांनी, त्यानं हात धुतले, हुंगले. "वास गेला की गं! पुढं काय लिवलंय? वाच."

आक्का अडखळली. "व्यसनाचं पीक घेऊ नये."

आमचं सगळं रान तंबाखूचं. आप्पांनी पुन्हा हात हुंगले.

"औंदा वरच्या पट्टीत भुईमूग टाकू. साबण जमला, त्येबी जमंल."

मी तेव्हा साबण जमला म्हणून फेसाच्या हातांनी टाळ्या पिटत होते. आज पुन्हा पिटल्या, आप्पांसाठी.