"आत्ता निघते" म्हणून बसवलेली पाहुणी

बायांनो, आज माह्याकडून एक वाईट काम झालं.

फिराले निघालेल्या लोकाइची मोठी गाडी रिसोडले थांबली होती. दिवसभर हिंडा, चार वाजता परत या, असं त्याइले सांगेल होतं. त्यातली एक बाई जीपच्या अड्ड्यावर आली. तिच्या मायचं माहेर आमच्याच गावचं. ते घर एकदा पाह्याचं होतं, देवीले नारळ फोडाचा होता.

"मावशी, एसटीनं जाऊ की जीपनं?" मले मावशी म्हणे, सोता माह्याएवढीच म्हातारी.

मी आमच्या गावच्या जीपमंदी बसेल होतो. सीटा भरल्याबिगर जीप हालत नाई, हे इथलं शेंबडं पोट्टंही जाणते. पण मले घराची घाई, तेवढीच एक सीट भरंल. म्हणलं, "बस वो बाई, आत्ता निघते."

समोरून आमच्या गावची एसटी निघून गेली. मी तिकडं पाह्यलंच नाई.

जीप काही भरली नाई. बाई घड्याळ पाहे, मी म्हणो, "झालंच आता." शेवटी चार वाजले, तिच्या गाडीचा हॉर्न वाजला. उतरता उतरता तिनं नारळ माह्याजवळ देला. "तुम्ही तरी पोचाल. माझ्या नावानं फोडा."

फिराले येणाऱ्याइले सांगतो, आमच्याकडं कोणी "आत्ता निघते" म्हणलं, तर पहिले रिकाम्या सीटा पाहा. आन् सांगणारी कुठं बसेल हाय, तेही पाहा.

नारळ घरी भितीतल्या देवळीत ठेवला हाय. उद्या फोडीन. पण देवीनं इचारलं, ते बाई सोता काहून नाई आली, तर काय सांगू?