जमिनीला झीज नसते

वॉटफर्डहून लंडनला जाणाऱ्या सकाळच्या ट्रेनमध्ये एक मराठी गृहस्थ माझ्यासमोर बसायचे. पन्नाशीचे असतील. ओळख मान हलवण्यापुरतीच. इतक्या सकाळी बोलायची ताकद मलाही नसते, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच गेलं. बसण्याआधी ते सीटची कड, खिडकीची चौकट, समोरचं टेबल असं सगळं बोटांनी चाचपायचे आणि दमून डोळे मिटायचे.

एकदा ट्रेन मध्येच थांबली, तेव्हा हे चाचपणं कशासाठी, असं मी विचारलंच. ते कसनुसं हसले.

"सवय हो. आमची कंपनी औषधी गांजा पिकवणाऱ्यांना ग्लासहाउस बांधून भाड्यानं देते. अकाउंटिंग पॉलिसी मी लिहितो. काचा किती वर्षं टिकतील, दिवे किती टिकतील, ते ठरवायचं आणि दरवर्षी हिशेबात झीज म्हणून तेवढी किंमत उतरवायची. ऑडिटर म्हणतो, आयुष्य कमी धरा. डिरेक्टर म्हणतो, वाढवा. डोकं उठतं."

"आणि भाडेकरूच निघून गेला तर?"

"मग ते दुसरं कोण घेणार? आत सगळं गांजासाठीच केलेलं. एका झटक्यात किंमत खाली. फक्त जमिनीला हात लावायचा नाही. जमिनीला झीज नसते."

गाडी हलली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्ही आता कायमचे इथलेच ना?"

त्यांनी स्वतःचा गुडघा चाचपला, मघाशी टेबल चाचपलं होतं तसाच.

"पासपोर्ट इथलाच आहे," ते म्हणाले. "पण मला बांधकामात धरा. जमिनीत नको."