बंडीच्या फळ्यांची तब्येत

सासूबाई पडल्या त्या मृगाच्या आधी, गावच्या घरी, न्हाणीत. नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे आमचं गाव आहे, तिथं त्या एकट्याच राहायच्या. शेजारणीनं उचललं, फोन केला, आणि आमचे हे त्याच दिवशी गाडी करून त्यांना अमरावतीला घेऊन आले. हाड मोडलं नव्हतं, पण कंबर धरली होती. यायला हो म्हणाल्या त्या एका अटीवर. करमलं तर राहीन, नाही तर पोळ्याले मले गावाले नेऊन घाला. त्यांनी कायमचं इथंच राहावं असं यांना फार वाटत होतं. मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू? आईचा फोन उचलला गेला नाही की घरभर येरझारा घालणारा नवरा सांभाळण्यापेक्षा सासू सांभाळणं सोपं. म्हणजे पोळ्यापर्यंत त्यांना करमवायचं, एवढंच आमचं काम होतं. आणि तो अख्खा पावसाळा आम्ही फळ्यांमागे घालवला.

मागची खोली आईंना दिली. तिथंच घरातली वर्षाची साठवण असायची, लाकडी फळ्यांवर. या फळ्या साध्या नाहीत बरं का. सासऱ्यांनी बैल विकले तेव्हा बंडीही मोडली. बैलगाडीला आमच्याकडे बंडी म्हणतात. तिचं सागवान यांनी जाळू दिलं नाही, सुताराकडून रंधा मारून घेतला आणि भिंतीला फळ्या ठोकल्या. त्यांवर तुरीची डाळ, कुरोड्या, मुगवड्या, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांत वर पाहुण्यांच्या गोधड्या. आणि सगळ्यांत खाली माझे पाण्याचे ड्रम. मी अकोल्याची. नळ कधी येईल याचा नेम नाही अशा गावात वाढलेली बाई घरात जे पोकळ दिसेल ते भरून ठेवते. ड्रम, पितळेचे गुंड, बादल्या, एकदा तर प्रेशर कुकरही. ड्रमांवर मी झाकणाऐवजी ओलं पोतं टाकते, पाणी गार राहतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या पाण्याबद्दल बोलायची हिंमत या घरात कोणी केलेली नाही.

आषाढात एक दिवस मी डाळीचा डबा उचलला, तर खाली डब्याएवढा गोल सोडून सगळी फळी पांढरी. बुरशी. यांना हाक मारली. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हेच आयुष्यभर पाहिलेलं. खोलीत आले, चष्मा लावला, भिंत ठोकली, छताकडे पाहिलं, खिडकीतून हात बाहेर काढून हवा चाचपली आणि सांगितलं की दोष हवेतच आहे. त्यांच्या पायाला ड्रम लागला तेव्हा तो त्यांनी जरा बाजूला सरकवला.

मग सुरू झालं. मोबाइलवर एक बाई लाकूड कसं जपावं ते सांगायची, तिचं ऐकून सिरक्यानं, म्हणजे व्हिनेगरनं, फळ्या पुसल्या. घरभर लोणचं नासल्याचा वास. तो जावा म्हणून कापूर ठेवला. आई म्हणाल्या, देवळात निजल्यावानी वाटते. कापरानं भागेना म्हणून कडुनिंबाचा धूर केला, तेव्हा आईंना खोकला लागला आणि यांनी त्यांना घटकाभर हॉलमध्ये बसवलं. मिठाच्या वाट्या मांडल्या. मिठाला पाणी सुटलं तर हे इतके खूश, म्हणाले, पाहा, हवेतलं पाणी धरून राहिलं! दुसऱ्या दिवशी एका वाटीतलं पाणी फळीवर सांडलं आणि तिथं नवीन डाग पडला. त्याला यांनी मिठाचा डाग म्हणून वेगळा धरला.

हवा खेळायला पाहिजे असं ठरलं. म्हणून आईंचा टेबल फॅन फळ्यांकडे फिरवला. तरी भागेना, तर फळ्या आणि खाट यांच्यात मोकळी जागा हवी म्हणून खाट हलवली. आधी दाराजवळ, मग दाराबाहेर, मग मधल्या पॅसेजमध्ये. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे माय, असं यांनी सांगितलं. आई हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या आणि आपली उशी आपणच उचलून नेली. मागच्या खोलीत आता फॅन, ऊब मिळावी म्हणून लावलेला साठचा बल्ब आणि फळ्या राहिल्या. घरातली ऐसपैस खोली फळ्यांची झाली.

आणि लोकही असे की बोलायला नको! शेजारचे काका चपलांच्या खोक्यांतल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या गोळा करून घेऊन आले, आजाऱ्याला संत्री आणावीत तशा. बसले, चहा घेतला, फळ्यांकडे बघून चुकचुकले आणि गेले. पॅसेजमधून जाताना आईंच्या खाटेला वळसा घालून गेले. नणंद नागपूरहून फोन करायची, पहिला प्रश्न, वहिनी, बाबांच्या फळ्या कशा आहेत? मी सांगायची, कालच्यापेक्षा बऱ्या आहेत, वरची अजून धरून आहे. फोन ठेवल्यावर मला वाटायचं, आपण काय बोलतोय? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोलायची.

श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला तेव्हा यांनी शेवटचा इलाज काढला. फळ्या उतरवायच्या, ऊन पडलं की गच्चीवर न्यायच्या, ढग आला की खाली आणायच्या. सगळी साठवण हॉलमध्ये आली. सोफ्यावर कुरोड्या, एका खुर्चीत डाळ, दुसरीत बरण्या, दिवाणावर गोधड्यांचा ढीग. आम्ही नवरा-बायको जेवताना उभे. आईंना मात्र काम मिळालं. पॅसेजच्या दारातून आभाळ दिसतं, तर त्यांनी ढगावर लक्ष ठेवायचं. जन्म शेतात गेलेला, त्या चुकायच्या नाहीत. "भरून आलं रे," एवढंच म्हणायच्या आणि आम्ही दोघं जिन्यावरून धडपडत वर. मला तर बरं वाटायचं, म्हटलं, चला, आईंचं मन रमलं! अशी आमची अक्कल.

पोळा परवावर आला होता. बाजारात मातीचे बैल आले होते, मी दुपारी पुरणाची डाळ शोधत होते, ती बरण्यांच्या मागे गेली होती. तेवढ्यात आईंची हाक आली. वर पोचलो तोवर थेंब सुरू. हे एकेक फळी पोटाशी धरून आणत होते, मी ताडपत्री धरून मागे. खाली आलो तर पॅसेजच्या दारातून पाणी आत आलेलं, फरशी ओली. फळ्या टेकवायला कोरडी जागा कुठंच नाही. यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सगळ्या फळ्या आईंच्या खाटेवर ठेवल्या. वरून आईंचीच गोधडी पांघरली. कडा नीट खोचल्या.

आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. हात कमरेवर.

"मी कुठी बसू?" त्या म्हणाल्या.

रागानं नाही. खरंच विचारत होत्या. हे जागा शोधायला लागले. सोफा पाहिला, खुर्च्या पाहिल्या, दिवाण पाहिला. आणि या माणसाच्या तोंडून निघालं, जरा थांब माय, एवढं पुसून घेतो.

आई थांबल्या. हे फडकं घेऊन फळ्या पुसायला लागले, आणि मला त्यांच्या हातातलं फडकं हिसकून घ्यावंसं वाटलं. पण मीही काय, ताडपत्री झटकत उभी होते. मग आई म्हणाल्या, परवा पोळा हाय, सकाळच्या गाडीनं जातो मी. आणि खाटेखालची पिशवी घ्यायला वाकल्या. वाकता येईना. अर्ध्यातच अडकल्या, भिंतीला हात लावून तशाच राहिल्या.

मी धावले आणि त्यांना धरलं. यांच्या हातातलं फडकं पडलं. मग यांनी गोधडी बाजूला केली, फळ्या उचलल्या आणि मुकाट जिना चढून गेले. वर भर पावसात फळ्या टाकल्याचा आवाज आला, धाड धाड. त्या फळ्यांना नख लागू न देणारा हा माणूस! आई वर पाहत म्हणाल्या, येडा झाला का हा, चांगलं लाकूड हाये ना ते.

खाली आले ते चिंब. खाट उचलून मागच्या खोलीत घेतली, ती भिंतीला लागेना, ड्रम आडवे येत होते. यांनी ड्रम ओढले. खाली फरशी हिरवीगार, आणि मागची भिंत कमरेइतकी काळी. जिथून ओल उठत होती ती जागा आता आंधळ्यालाही दिसली असती. यांनी ड्रमाकडे पाहिलं, ओल्या पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घरात पाणी लागतं. त्यांनी नुसता ड्रम आणखी पुढं ओढला, शहाणे आहेत. आणि मी आजही म्हणते, नुसत्या ड्रमांनी एवढं होत नाही, हवेतही काहीतरी होतंच. पण ड्रम त्याच दिवशी मी अंगणात काढले आणि त्यांवर झाकणं घातली.

आईंना खाटेवर निजवलं, पाठीशी उशी दिली. हे खाली ओल्या फरशीवर बसले, कपड्यांतून पाणी गळत होतं.

"माय, कंबर कशी हाये तुही?"

"दुखते," आई म्हणाल्या. "आल्यापासून दुखून राहिली."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू आजच तं इचारलं."

साठी ओलांडलेला माणूस खाटेच्या काठावर डोकं टेकून रडायला लागला. मलाही आवरेना. आई यांच्या ओल्या केसांतून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही जात मी पोळ्याले. ऊठ आता, डोस्कं पूस."