पत्रा स्वच्छ निघाला

कोकणातल्या एका बंदरात पावसाळाभर बुडवून ठेवलेला, तेल चिकटू न देणारा लेप दिलेला पत्रा मागच्या आठवड्यात तपासला गेला. पाण्याखालीच त्याच्यावर तेल सोडले; एक थेंबही चिकटला नाही. लेप शाबूत असल्याचे बंदरावरच्या प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञांनी फोनवर कळवले. हा लेप नांदेडला तयार झाला. तो तयार करणाऱ्या प्राध्यापिका डॉ. विमल सोनखेडकर यंदा साठ वर्षांच्या होत आहेत.

मॅडमची आणि माझी पहिली भेट वर्गात झाली. टेबलावर काचेच्या पेटीत विष्णुपुरीच्या जलाशयातला रोहू, शेजारी लातूरच्या घाण्यावरचे करडईचे तेल. मागून कोणीतरी म्हणाले, “मॅडम, कालवण हाय का आज?”

“कालवण सांजच्याला. आधी पुढं ये, तेल सोड.”

पाण्यातल्या माशाच्या पोटाखाली सुईने तेल सोडले. थेंब खवल्यांना टेकला आणि घरंगळून वर निघून गेला. खवल्यांच्या खाचा पाणी धरून ठेवतात, म्हणून तेलाला टेकायला जागाच राहत नाही, हे मॅडमनी नंतर सांगितले. आधी पाहायचे, मग बोलायचे, ही त्यांची शिस्त. मी पुढे वर्तमानपत्रात गेलो, ती बरोबर आली.

नांदेडला समुद्र कुठला? खवल्यांसारखेच पाणी धरून ठेवणाऱ्या लेपाचे प्रयोग गोदावरीच्या पाण्यात मीठ कालवून चालत, आणि लेप उत्तम टिके. मग त्यांची विद्यार्थिनी रेश्मा शेख हिने एसटीतून खऱ्या समुद्राच्या पाण्याचे कॅन आणले. त्यात लेप आक्रसला, तेल चिकटले. समुद्रात मिठाखेरीज इतरही क्षार असतात, याचा विसर पडला होता. रेश्माचा प्रबंध अडकला. समितीतल्या एकाने टोमणा मारला, “मराठवाड्यात बसून समुद्राचं काम कशाला?”

मॅडम उभ्या राहिल्या. “पोरीची चूक न्हाई. मीठ टाकलं की समुद्र झाला, असं मीच धरून चालले. मुदत द्या, लेप बदलून दाखवते.”

मुदत मिळाली. रेश्मा लोह्याहून ये-जा करी. शेवटची गाडी चुकली की मॅडमकडे तिचे ताट वाढलेले असे. बंदरात टिकलेला लेप त्या दुसऱ्या प्रयत्नातला. त्याच्या शोधनिबंधावर पहिले नाव डॉ. रेश्मा शेख यांचे आहे. तसा आग्रह मॅडमनीच धरला.

“मॅडम, एकदा कोकणात चला की,” असे रेश्मा कितीदा म्हणाली. उत्तर ठरलेले: “रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं न्हाई.”

आता हात रिकामा नाही. मार्गशीर्षात याच लेपाची जाळी बंदरातल्या तेलकट पाण्यात उतरेल. पाणी आरपार जावे आणि तेल अलीकडे राहावे, अशी अपेक्षा आहे. मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. कामे पुष्कळ बाकी आहेत. रेश्माने एसटीची दोन तिकिटे काढून ठेवली आहेत. खिडकीची जागा मॅडमची.