भंडारा मी उचलला नाय

"नवरा दिवाळीपासून सहा महिने मेंढरांमागं, आणि तुझी पाळी चार महिने नाही. कुणाचं आहे?"

आमच्या कंपनीच्या दवाखान्यातला डॉक्टर असं म्हणला. हळू नाय, मोठ्यानं. नवरा कुठंय म्हणून त्यानंच विचारलं होतं, मी भोळेपणानं सांगितलं. दार उघडं. दारात पॅकिंगच्या बाया रांगेत उभ्या. कंपाउंडर फिसकन हसला. मी स्टुलावर बसलेली, बत्तीस वर्षांची, दोन पोरींची आई.

मी काय सांगायला गेले होते? दिवसभर डोळ्यावर झापड येते. हात, तोंड, पोट सुजतं. केसांचा पुंजका कंगव्यात येतो. कधी एकदम अंगातून वाफ निघते, घामानं झंपर भिजतो, अन् घटकाभरानं हुडहुडी. गळा जड वाटतो. गळ्याला तर मी बोट लावून दाखवलं. त्यानं बघितलं कुठं? पोटाकडं. झालं, त्याचं निदान झालं!

लघवी तपासायला काय लागतं? पण तपासायचंच नव्हतं. बाई पोटुशी दिसली की बाळंतपणाची पगारी रजा द्यायच्या आधी तिला वाटेला लावायचं, ही आमच्या कंपनीची रीत.

"स्वतःहून काम सोडते असं लिहून दे," म्हणला. "तुझीच अब्रू वाचेल."

माझी अब्रू! जशी काय ती त्याच्या ड्रॉवरमध्येच ठेवलेली होती.

माझा बाप मेंढ्या राखायचा. मेंढी सुस्त दिसली की आधी तिच्या गळ्याला हात लावायचा, मग बोलायचा. ह्या इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसानं मला बोट लावलं नाय. लांबून पेनानं खुणावलं, पदर बाजूला कर. मेंढीइतकी पण किंमत नाय का रे माझी?

रांगेत आमच्या गावची एक बाई होती. मग काय, बातमी आमच्या पिशोरला पोचायला कितीसा वेळ? रविवारी आत्याबाई, म्हणजे माझी सासू, एस्टीनं चिकलठाण्याच्या खोलीवर आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाय. कमरेची पिशवी सोडली अन् भंडारा पाटावर ठेवला. देवाची हळद ती. आमच्या धनगरांत ती हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती नाय.

"उचल," म्हणल्या. "पोरींच्या डोक्यावर हात ठिव आन् सांग, मी खरी हाय. मंग लोकांचं तोंड मी बंद करते."

लई सोपं होतं. मी खरीच होते की! चिमूट उचलली असती तर सुटले असते. हात पुढं गेलासुद्धा.

तेवढ्यात मला शांता आठवली. शांता माझ्या शेजारी खोकी चिकटवायची. भीमनगरची. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, शहरात आज मोर्चा, उद्या बंद. तिच्या भावाला पोलिसांनी मोर्चातून धरून नेलं होतं. चुकलो असं लिहून दे, लगेच सोडतो, म्हणले त्याला. त्यानं नाय दिलं. डोक्याला टाके पडले तरी नाय. दवाखान्यातून मी रडत आले त्या दिवशी शांतानं मला हे सांगितलं अन् म्हणली, "चूकच नाय तर लिहून कशाला द्यायचं गं?" माझ्या गावात शांताच्या माणसांच्या हातचं पाणी चालत नव्हतं. मी तिच्या डब्यातलं खायची, अन् त्या दिवशी तिचं बोलणंही पोटात उतरलं.

मी हात मागं घेतला.

"आत्याबाई, भंडारा मी उचलणार नाय."

"का? भ्या वाटतं व्हय?"

"तुमचा ल्योक आठ आठ महिने रानात असतो. त्याच्यापुढं ठिवला का कधी, उचल म्हणून?"

म्हातारी भंडारा गोळा करून तशीच उपाशी निघून गेली. थोरली पोर दारात रडत उभी होती.

दुसऱ्या दिवशी खाडा करून शांता मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. थुंकी गिळा म्हणली, अन् दोन्ही हातांनी माझा गळा चाचपला. मी हमसून रडायला लागले. दुखलं म्हणून नाय. कुणीतरी हात लावला म्हणून.

रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर तिनं सगळं समजावून सांगितलं. "गर्भ नाही. तुमच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद पडलीय. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची. ग्रंथी मंद पडली तरी पाळी चुकते. पण ह्या वाफा, हा घाम, ही पाळी लवकर जायला लागल्याची खूण असू शकते. तुमच्या वयातही होतं काही जणींना. बघत राहू."

म्हणजे हे होतं! अन् ह्याच्यावरून मी दोन तालुक्यांत छिनाल ठरले.

कंपनीत डॉक्टरचा यायचा दिवस आला. मी आत गेले. दार ह्या खेपेला मीच उघडं ठेवलं. राजीनाम्याचा कागद टेबलावर तयारच होता. मी बसले नाय.

"साहेब, माझ्या गळ्याला हात लावा. मग त्या दिवशी जे बोलला ते ह्या बायांसमोर परत बोला."

त्याचं तोंड लालबुंद. "बाहेर हो," म्हणला. मी हलले नाय. मागं रांग पण हलली नाय. कंपाउंडर खाली बघत होता. शेवटी डॉक्टरच उठून गेला. माफी? छ्या! त्याची नाय अन् कंपनीची नाय. मला गोदामात टाकलं, ओझी वाहायला. वाहिली. कागदावर सही दिली नाय.

पावसाळ्यात नवरा आला. जेवता जेवता म्हणला, "उचलला असता भंडारा तर काय बिघडलं असतं?"

"मग जन्मभर उचलतच राहिले असते," मी म्हणलं. त्यानं ताटातच हात धुतला अन् घोंगडं घेऊन बाहेर गेला.

माझी पाळी दोनदा आली अन् कायमची गेली. गोळी चालू हाय.

आता थोरली सासरी हाय. तिचाबी गळा सुजलाय, तिचीबी पाळी चुकतीय. काल तिच्या सासरी कुजबूज सुरू झाल्याचं कानावर आलं. मी चप्पल घातलीय. आधी पोरीला दवाखान्यात नेणार. मग तिच्या सासरी जाऊन बसणार, बैठकीत, सगळ्यांसमोर. तिच्या पुढ्यात भंडारा ठिवून तर बघा कुणी. पाटासकट उकिरड्यावर फेकीन.