घरांची अदलाबदल

इमारतीत सगळे त्यांना पानेकाका म्हणत. उभं आयुष्य नळजोडणीत गेलं, आणि पाना कायम खिशात असे, म्हणून. घर तिसऱ्या मजल्यावर. इमारत जुनी, वारसा म्हणून जतन केलेली. लिफ्ट बसवायला परवानगी नव्हती. रस्त्याच्या दुतर्फा झाडं इतकी दाट, की तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागे. काकांच्या खिडकीत मात्र लख्ख ऊन.

गुडघ्यांनी दगा दिला आणि जिना वैरी झाला. कुणी हातातली पिशवी घ्यायला आलं, की काका गुरकावत, "अजून मेलो नाही मी." शेवटी लेकीनेच फोनवर सांगितलं, "बाबा, पुरे झालं. पुढच्या महिन्यात इकडे राहायला या."

काका हो म्हणाले, पण त्या दिवशी घास उतरला नाही. ओळखीचं सगळं इथेच होतं.

तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींना हे कळलं. त्या धापा टाकत वर आल्या.

"काका, घरं बदलू या. तुम्ही खाली, मी वर. मालकाला विचारलंय, तो हो म्हणतोय."

"दया नको, मावशी."

"दया कसली डोंबलाची! आवळा देऊन कोहळा काढतेय मी. खाली सुईचं नाक दिसत नाही मला."

फुकटचं काकांना पचत नसे. खरं-खोटं बघायला ते कठडा धरत खाली गेले, मावशींच्या मशीनपाशी बसले आणि दोरा ओवायला लागले. दिवा लावूनही जमेना. तीच सुई घेऊन कण्हत वर आले. खिडकीशी दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला.

"पटलं?" मावशींनी विचारलं.

"पटलं. सौदा बरोबरीचा आहे."

सामान हलवायला सगळी इमारत लोटली. कपाटाचं एक टोक काकांनी धरलंच. शेजारचा बसचालक ओरडला, "काका, सोडा! तुम्ही धरलं की वजन वाढतं!"

सगळे हसले. काका खुर्चीत बसले. दुसरे राबताहेत आणि आपण बसलोय, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. वळणांवर कपाट कुठे भिंतीला घासतंय का, हे ते कान देऊन ऐकत होते. कुठेच घासलं नाही. माणसांनी मन लावून काम केलं होतं, आणि तेही त्यांच्यासाठी.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला.

"येतो गं तुझ्याकडे. पण पाहुणा म्हणून. चार दिवस राहीन आणि घरी परत येईन."